तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाळा डोंगरातल्या कामात घालवावा का?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून हिवाळा सरता सरता मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कॉलेजात शिकणारी मुलगी उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करण्याऐवजी सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायवाटा दुरुस्त करायला जायचे म्हणते. त्यात शिकण्यासारखे काय आहे आणि पुढे त्याचा उपयोग काय? मी हे काम स्वतः केले आहे आणि आता त्यासाठी निघणाऱ्या मुलांची तयारी करून घेते. माझे मत असे की तिला अवश्य जाऊ द्यावे; मात्र ही सहल नसून अंगमेहनतीची नोकरी आहे, हे घरातल्या सगळ्यांनी आधी समजून घ्यावे.

अमेरिकेच्या एकूण भूमीपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या, म्हणजेच जनतेच्या मालकीची आहे. तिच्यातला बराच भाग १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली राखून ठेवलेला आहे. तिथे रस्ता बांधता येत नाही, मोटार किंवा सायकल नेता येत नाही आणि इंजिनावर चालणारी करवतही एरवी वापरता येत नाही. म्हणून पायवाटेवर आडवा पडलेला पाइन वृक्ष आजही दोन माणसांनी लांब हातकरवतीने कापावा लागतो. ही करवत दोघांनी आळीपाळीने फक्त ओढायची असते; समोरच्याकडे ढकलली की पाते वाकते. खरे कौशल्य मात्र करवत लावण्याआधीच लागते. ओंडका कुठे टेकला आहे, कोणत्या बाजूला दाब आहे आणि कोणत्या बाजूला ताण, तुटल्यावर तो कुठे घरंगळेल, हे सगळे आधी शांतपणे पाहावे लागते, कारण दाबाच्या बाजूची चीर मिटत जाते आणि वेळेवर पाचर ठोकली नाही तर करवत आतच अडकून बसते.

याहून अधिक वेळ पाण्याच्या निचऱ्यावर जातो. वितळलेल्या बर्फाचे आणि दुपारच्या वळवाचे पाणी पायवाटेलाच ओहोळ समजून वाहू लागले की माती जाते, घळ पडते, चालणारे लोक घळ टाळून कडेच्या गवतावरून जातात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. ते रोखण्यासाठी पायवाटेत तिरक्या रेषेत दगड बसवून पाणी उताराकडे वळवतात. दगडाचा बहुतेक भाग जमिनीत गाडलेला असावा लागतो. बसवून झाला की गटप्रमुख त्यावर उभी राहून अंगाचा भार इकडून तिकडे टाकते. दगड किंचितही हलला, तर तो उकरून काढून पुन्हा बसवायचा. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनी वर्गात वाचलेला उतार इथे त्यांच्या हाताला कळतो, आणि मला या शिक्षणाची किंमत फार मोठी वाटते.

काही जणांना पायवाटेऐवजी रेंजरबरोबर, म्हणजे वनाधिकाऱ्याबरोबर, गस्तीचे काम मिळते. सिएरा नेवाडातल्या माउंट व्हिटनी या शिखराच्या वाटेवर मे ते ऑक्टोबर या काळात रोज दिवसभराच्या शंभर आणि मुक्कामाच्या साठच लोकांना परमिट मिळते, आणि प्रत्येकाने आपली विष्ठासुद्धा पिशवीत भरून खाली आणायची असते, कारण त्या उंचीवरच्या ग्रॅनाइटवर माती इतकी थोडी आहे की विष्ठा कुजत नाही. हा नियम दमलेल्या, चिडलेल्या माणसाला त्याचा अपमान न करता पटवून देणे सोपे नाही. तळ्याकाठी लोकांनी बेकायदा मांडलेल्या चुली मोडणे, काळवंडलेले दगड विखरून टाकणे आणि उरलेला कचरा पाठीवरून खाली आणणे हेही याच कामात येते.

मुळात कॉलेजच्या मुलांनी हे काम करावे, ही कल्पना एलिझाबेथ कुशमन या वासर कॉलेजच्या विद्यार्थिनीने १९५५ च्या आपल्या प्रबंधात मांडली. १९५७ मध्ये ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन या राष्ट्रीय उद्यानांत पहिले गट गेले. त्यातूनच स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन उभी राहिली आणि आजही बऱ्याच जागा तिच्यामार्फत भरल्या जातात. अशा संस्थांची गरज आता वाढली आहे. फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे केंद्र सरकारच्या वनखात्याने, २०२५ साठी वणवा विझवणारे वगळता बहुतेक हंगामी भरती थांबवली, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. करवत कशी लावायची हे नव्या मुलांना दाखवणारी जाणती माणसेच अशाने निघून जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्र सरकारच्या थेट नोकऱ्या सहसा नागरिकांनाच मिळतात आणि अमेरिकोर या सरकारी सेवायोजनेचा शिष्यवृत्तीसारखा लाभ नागरिक व ग्रीन कार्डधारकांपुरता असतो. काम आपल्या अभ्यासक्रमाशी निगडित असेल तर वाट निघू शकते, पण अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावे.

उपयोगाचे म्हणाल, तर वनशास्त्र, जलविज्ञान, भूदृश्यरचना किंवा आपत्कालीन वैद्यकीय सेवा यांकडे जाणाऱ्यांना या अनुभवाचा थेट लाभ होतो. इतरांना तो नोकरीच्या अर्जात समजावून सांगावा लागतो. मानधन थोडे असते. त्यामुळे मुलाखतीत तिने न संकोचता विचारावे की डोंगरात असताना जेवणाचा खर्च कोण करते, सुट्टीच्या दिवसांत राहायची सोय कुठे आहे, रानातल्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण संस्था देते का, आणि कोणी जखमी झाल्यास गट बाहेरच्यांशी संपर्क कशाने साधतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर दुसरी जागा शोधावी.