तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इतिहास शिकवता आणि कार्टून बघता?’
हो, बघते. ‘द सिम्पसन्स’. पन्नाशीला आले तरी. स्टाफरूममध्ये, लग्नांच्या पंगतीत, परवा तर शेजारच्या काकूंनी रिक्षा थांबवून विचारलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

1996च्या ‘लिसा द आयकॉनोक्लास्ट’ या भागापुरतंच बोलते. आठ वर्षांची लिसा गावाचा संस्थापक जेबेडाया याच्यावर निबंध लिहायला जाते आणि तिला त्याचाच कबुलीजबाब सापडतो. हा थोर पुरुष म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जिवावर उठलेला समुद्री चाचा! आणि ते लिहिलंय कशावर? गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेल्या वॉशिंग्टनच्या चित्राच्या फाडलेल्या तुकड्यावर. 1796चं ते चित्र खरंच अपुरं आहे. एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्यावरूनच घेतलाय. ते अपुरं का, याचं असं उत्तर ज्याला सुचलं त्याला माझा मुजरा. हसायला आधी इतिहास यावा लागतो हो.

शेवटी लिसा भर मिरवणुकीत सत्य सांगायला उभी राहते, लोकांचे चेहरे बघते आणि म्हणते, जेबेडाया थोर होता. वर्षानुवर्षं मी तिला भित्री म्हणत आले.

मग एकदा ऑफ तासाला अकरावीला हा भाग दाखवला. मुलं लिसाच्या बाबांना, होमरला हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठली. “मॅडम, मग ‘ध’चा ‘मा’पण असाच का?”

काय सांगायचं ते मला माहीत होतं. नारायणरावांचा खून 1773चा. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबांना. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ते पत्र मात्र माझ्या वाचनात कधी आलं नाही, आली ती दंतकथाच. सगळं जिभेवर होतं. पण सातवीत गॅदरिंगला आनंदीबाई मीच झाले होते. नऊवारी, हातात बोरू, ‘मा’ लिहितानाचं ते हसू. पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा.

“ते परीक्षेला नाही,” मी म्हणाले.

ती बसली. पुढे वर्षभर तिने काही विचारलं नाही.

तास संपत आला होता, हे खोटं नाही. अकरावीच्या पोरांसमोर अर्धवट बोलण्यापेक्षा गप्प बरं, असंही मी मनाशी म्हटलं. लिसाही असंच काहीतरी म्हणाली असेल. तिला भित्री म्हणणं मी सोडलंय. तिचं बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

डबा अजून आहे. साबुदाणा ठेवते त्यात.