नऊ हजार पुस्तकं गेली कुठे? प्रेस नोटचा माझा अनुभव

मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळे लिहिण्याशी माझा संबंध म्हणजे थकबाकीदारांना नोटिसा आणि स्मरणपत्रं एवढाच. पण गावच्या वाचनालयाचा सहकार्यवाह झालो आणि पहिल्याच मीटिंगला अण्णा (आमचे अध्यक्ष, अख्खं गाव त्यांना अण्णाच म्हणतं) म्हणाले, तू तरुण आहेस, मोबाईलवर मराठी टाईप करतोस, प्रसिद्धीचं तू बघ. मी ४३ वर्षांचा आहे, पण आमच्या कार्यकारिणीत तो तरुणच धरतात.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि वाचनालयाचं शतकमहोत्सवी वर्ष. उद्घाटनाचा कार्यक्रम दणक्यात झाला, हॉल भरला, रात्री घरी येऊन मी प्रेस नोट लिहायला बसलो. आधी कधी लिहिलेली नव्हती, मग वाचनालयाच्या जुन्या फायलीतली कात्रणं काढली आणि तशीच लिहिली. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: "येथील सर्वांच्या परिचयाच्या व नावाजलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या शतकमहोत्सवी वर्षाचा शुभारंभ मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन व सरस्वती प्रतिमेच्या पूजनाने मोठ्या उत्साहात व खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाला." मग प्रास्ताविक कोणी केलं, पाहुण्यांचा परिचय कोणी करून दिला, सत्कार कोणाचे झाले, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणाचे. नंतर अण्णांनी फोनवर अजून नावं सांगितली, एका संचालकाचं नाव राहिलं म्हणून त्यांच्या मिसेसचा फोन आला. शेवटी ३४ नावं झाली, मी मोजली होती.

ही नोट डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (तो फॉन्ट ज्याच्याकडे असेल त्यालाच नीट दिसतं असलं मराठी) टाईप करून घेतली, पीडीएफ केली, सोबत वर्ड फाईलही जोडली आणि सहा पेपरना मेल केली. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले, अकरा टाकले.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर सहा ओळी आल्या, बाकी पाच पेपरांत शून्य. सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन, अरे छापून काय आलं? मी म्हणलं येईल अण्णा, पानावर जागा नसेल. मग एका तालुका प्रतिनिधीला फोन केला तर ते गोड बोलले, म्हणाले बातमीचं बघू ओ, आमच्या वर्धापनदिनाची पुरवणी आहे, वाचनालयाकडून शुभेच्छा जाहिरात होईल ना? आता यात त्या माणसाला तरी किती दोष द्यायचा, गावोगावच्या बऱ्याच वार्ताहरांना मानधन नावापुरतं असतं आणि पोट चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. पण मला तेव्हा राग आला. पैसे देऊन बातमी छापून आणायच्या धंद्यावर २००९ च्या निवडणुकांनंतर केवढा गदारोळ झाला होता, प्रेस कौन्सिलनं समिती नेमली होती, ते सगळं डोक्यात फिरायला लागलं. खरं तर तसं काही नव्हतं, जाहिरात दिली नाही म्हणून बातमी अडली नव्हती. बातमी अडली होती माझ्यामुळे, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

माझा एक वर्गमित्र साताऱ्यात एका पेपरच्या डेस्कवर उपसंपादक आहे. दहावीपर्यंत एका बाकावर होतो. पतसंस्थेच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो तेव्हा संध्याकाळी त्याच्या ऑफिसात डोकावलो. तो म्हणाला ये बस, पण बोलणार नाही, पान सोडायचंय, म्हणजे छपाईला पाठवायचंय. बसलो. पाऊण तास त्याच्या खुर्चीमागे बसून जे बघितलं तेवढं पुढे कोणी शिकवलं नाही.

साडेसहा वाजले होते, मेल नुसते येत होते. रक्तदान शिबिर, पतसंस्थेची सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, कोणाची तरी निवड, कोणाचा तरी वाढदिवस, परत रक्तदान शिबिर. मेल उघडायचा, दोन ओळी वाचायच्या, बंद. पीडीएफ दिसली की न उघडताच पुढे. म्हणलं का रे? म्हणाला यातलं मराठी कॉपी होत नाही, कॉपी केलं तर कचरा येतो, मग अख्खं परत टाईप कोण करणार, माझ्याकडे दोन पानं आहेत आणि माणूस मी एकटा. मग त्यानं जिल्हा माहिती कार्यालयाची नोट उघडली. सुरुवातीला "सातारा, दि." आणि तारीख, कंसात जिमाका, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर तसंच दिसणारं मराठी) साधा मजकूर, पहिल्या वाक्यात कोणी काय केलं किंवा काय ठरलं, शेवटी चार शून्य. चार शून्य म्हणजे मजकूर संपला, खाली काही राहिलं नाही. त्यानं सगळी नोट उचलली, पानावर टाकली, हेडिंग बदललं, शेवटचे दोन परिच्छेद उडवले कारण जागा तेवढीच होती, झालं. तीन मिनिटं सुद्धा लागली नाहीत. वाचूनसुद्धा पूर्ण बघितली नाही, हे मला तेव्हा दिसलं होतं पण त्याचा अर्थ नंतर कळला.

मग म्हणाला तुझी पण आली होती की, थांब. शोधून काढली. वर्ड फाईल उघडली तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, ब्रॅकेट, डॉलर, कसलीतरी टिंबं. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. मग माझ्यासाठी म्हणून त्यानं पीडीएफ उघडली आणि वाचायला लागला, आणि मला खरंच लाज वाटायला लागली, कारण तो मोठ्यानं वाचत होता आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी हसू दाबत होती. दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, आभार. आणि मग तो थांबला. आभाराच्या खाली मी एक वाक्य टाकलं होतं, जागा उरली होती म्हणून: "तसेच वाचनालयाने ज्येष्ठ वाचकांसाठी विनामूल्य घरपोच पुस्तक सेवा सुरू केली आहे."

म्हणाला, हे काय आहे?

मी सांगितलं, अरे काही नाही, ज्या म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही त्यांच्याकडे आमचा शिपाई आठवड्यातून दोनदा सायकलवर पुस्तकं घेऊन जातो, जुनी परत आणतो, सध्या ३८ जण आहेत. एक आजी आहेत ८७ वर्षांच्या, त्या चिठ्ठी लिहून देतात की मागच्या वेळचं पुस्तक रटाळ होतं, असलं परत पाठवू नका.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, गाढवा, बातमी ही आहे, आणि तू ती आभाराच्या खाली गाडलीस. आम्ही खालून कापतो. पान लावताना जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद पहिला जातो, म्हणजे तुझी नोट लागली असती तरी नेमकी हीच ओळ उडाली असती.

घरी येऊन परत लिहायला बसलो. या वेळी मोबाईलवरच युनिकोडमध्ये लिहिली, मेलच्या अंगातच पेस्ट केली, अटॅचमेंट फक्त फोटोची. पहिल्या वाक्यात सायकल, ३८ वाचक आणि आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या परिच्छेदात आजींची चिठ्ठी (आजींना विचारून, त्या म्हणाल्या नाव नको पण रटाळ हा शब्द ठेव). मग वाचनालयाला शंभर वर्षं झाली हे, ग्रंथसंख्या किती, सभासद किती. नावं फक्त दोन, अध्यक्ष आणि ग्रंथपाल मॅडम. यावरून घरात नाही एवढं भांडण कार्यकारिणीत झालं. उपाध्यक्ष म्हणाले आमची नावं नाहीत तर बातमी कोणाची? अण्णांनी शेवटी तोडगा काढला, सगळी नावं आणि फोटो वाचनालयाच्या फलकावर लावायचे आणि पेपरला फक्त सायकल. खाली माझा मोबाईल नंबर दिला. फोटो एकच, शिपाई आजींच्या दारात सायकलसकट, आणि तो व्हॉट्सअॅपवर साधा न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर तो बारीक होतो आणि छापताना फाटतो. फोटोखालची ओळ पण मीच लिहून दिली. मेलच्या विषयात "बातमी" असं न लिहिता "जिना चढवत नाही, पुस्तक दारात येतं" असं लिहिलं. आणि दुपारी तीनला पाठवली, सहाला नाही. मेल गेल्यावर दोन ठिकाणी फोन केला, मिळाली का एवढंच विचारलं, छापणार का विचारलं नाही. हे मित्रानं बजावलं होतं, छापणार का विचारलं की चिडतात.

तिसऱ्या दिवशी चार पेपरांत आली. एकात फोटोसकट तीन कॉलम! एका पेपरच्या बातमीदारानं फोन करून आजींकडे जाऊन त्यांच्याशी बोलून स्वतःची बातमी केली, ती बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगली होती, आजी शाळेत असताना वाचनालयात कशा यायच्या वगैरे. उरलेल्या तिघांनी माझी नोट जशीच्या तशी छापली. जशीच्या तशी म्हणजे स्वल्पविरामासकट, वर फक्त "प्रतिनिधी". माझी वाक्यं पेपरात बघून मला असलं भारी वाटत होतं की मी ती बायकोला वाचून दाखवत होतो, आणि वाचता वाचता ग्रंथसंख्येपाशी आलो.

वाचनालयात २१,४०० ग्रंथ आहेत. मी लिहिलं होतं १२,४००.

आकडे उलटे पडले होते. तिन्ही पेपरांत १२,४००. ज्यांनी स्वतःची बातमी केली त्यांनी ग्रंथपाल मॅडमना फोन करून आकडा घेतला होता, तिथे २१,४०० बरोबर होता. म्हणजे एकाच दिवशी एकाच गावात वाचनालयाची दोन ग्रंथसंख्या.

नंतर यावर थोडं वाचत बसलो तर कळलं की जसंच्या तसं छापणं हे प्रेस नोटच्या जन्मापासूनच आहे. २८ ऑक्टोबर १९०६ ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे पुलावरून खाडीत पडली, ५० हून जास्त माणसं गेली. तोवर असल्या अपघाताची माहिती दाबायची हीच रेल्वे कंपन्यांची रीत होती. पण पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं आयव्ही ली नावाचा माणूस ठेवला होता, आधी पत्रकारच होता तो, त्यानं कंपनीला पटवलं की अफवा उठायच्या आत आपणच लिहून देऊ. न्यूयॉर्क टाइम्सनं ते निवेदन शब्दशः छापलं. पहिली प्रेस नोट म्हणून आज त्याचंच नाव घेतात. पत्रकारांनाही तेव्हा बरंच वाटलं, कारण हातात काहीतरी पक्कं मिळालं. फक्त ते पक्कं आहे की नाही हे लिहिणाऱ्यावर. अर्थात तिथे माणसं गेली होती आणि इथे माझे दोन आकडे उलटे पडले होते, तुलना करायची नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं.

कारण आमच्याकडे ग्रंथसंख्या ही साधी गोष्ट नाही. सरकारी अनुदान वाचनालयाच्या वर्गावर (अ, ब, क, ड) ठरतं आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही बघतात. दुसऱ्याच दिवशी देवघेव काउंटरला एक जुने सभासद पेपर घेऊन उभे, दरवर्षी अहवालात एकवीस हजार दाखवता, नऊ हजार पुस्तकं गेली कुठे? ग्रंथपाल मॅडमनी दाखल रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्यात नंबर पडतो) काढून शेवटचा नंबर दाखवला, तरी ते म्हणाले रजिस्टरात काय, पेपरात छापून आलंय! मॅडम माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

तिन्ही पेपरना दुरुस्ती पाठवली. एकानं दोन ओळी छापल्या. एकानं सांगितलं तुमच्याच नोटमध्ये होतं, आम्ही कशाला दुरुस्ती टाकू, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं त्यांचं. तिसऱ्यांनी वेबसाईटवरचा आकडा बदलला पण तोवर दोन-तीन स्थानिक पोर्टलनी ती बातमी उचलली होती, तिथे आजही १२,४०० च आहे. आता मी काय करतो, नोट झाली की सगळे आकडे वेगळ्या कागदावर काढतो आणि मॅडमना मोठ्यानं वाचायला लावतो. त्या रजिस्टर बघून हो म्हणतात, मग पाठवतो. वार्षिक सभेत मात्र विषयपत्रिका बाजूला ठेवून पाऊण तास याच्यावरच गेला.

सांगता समारंभाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठे पाहुणे आले होते. भाषण छान झालं, तयारी करून आले होते, आजींच्या चिठ्ठीचा पण उल्लेख केला आणि टाळ्या घेतल्या. मग कागदाकडे बघून म्हणाले, "बारा हजार चारशे ग्रंथांची ही संपदा..." पहिल्या रांगेत अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मॅडमनी बघितलं नाही, त्या खाली बघत होत्या. पाहुण्यांच्या पीएनं कात्रणावरून भाषण काढलं असणार, दुसरं काय.

त्या भाषणाची प्रेस नोट अर्थातच मीच लिहिली. पाहुण्यांनी म्हटलेलं बदलायचं कसं आणि चुकीचं परत छापून आणायचं कसं, बराच वेळ बसलो होतो. शेवटी "वाचनालयाच्या समृद्ध ग्रंथसंपदेचा त्यांनी गौरवपूर्ण उल्लेख केला" असं लिहिलं आणि दुपारी तीनला पाठवून दिली. पाच पेपरांत आली, जशीच्या तशी.