कार्डिफमधील हॉटेलांच्या दारावरचा आकडा

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. वेल्समधील प्रत्येक खाद्यगृहाच्या दारावर हिरव्या-काळ्या रंगाचा एक स्टिकर असतो आणि त्यावर अन्नस्वच्छतेच्या गुणांचा शून्य ते पाच (पाच सर्वोत्तम) यांपैकी एक आकडा छापलेला असतो. नोव्हेंबर २०१३ पासून तो लावणे येथे कायद्याने बंधनकारक आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र तो लावायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. हा आकडा स्थानिक काउन्सिलचे पर्यावरण आरोग्य अधिकारी तपासणी करून ठरवतात. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन हे राज्य सरकारचे खाते हे काम पाहते, त्यामुळे घरचा कचरा उचलणारी काउन्सिलच हॉटेलातला फ्रीज उघडून पाहते, याचे नव्याने आलेल्या मराठी माणसाला नवल वाटते.

हॉटेलांना अशा भेटीची बहुधा पूर्वसूचना नसते. धोका जास्त असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी, तर कमी धोक्याच्या ठिकाणी दोन-तीन वर्षांनी अधिकारी येतात. अन्न कसे हाताळले जाते, जागा व सोयी कशा आहेत आणि अन्नसुरक्षेची व्यवस्था व नोंदी कशा ठेवल्या आहेत, या तीन बाबींवर गुण ठरतात. फरशी लख्ख असूनही नोंदींमध्ये मोठी उणीव असेल, तर पाच गुण मिळत नाहीत. मला ही अट या पद्धतीचा कणा वाटते, कारण अधिकारी वर्षातून एखादा दिवस येणार आणि उरलेले सगळे दिवस त्या स्वयंपाकघरावर भरवसा ठेवावा लागणार.

हा भरवसा तुटला की काय होते, ते दक्षिण वेल्सने २००५ मध्ये भोगले आहे. एका मांसविक्रेत्याने कच्च्या आणि शिजवलेल्या मांसासाठी एकच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्र वापरले, ते मांस शाळांच्या जेवणात गेले, ई. कोलाय ओ१५७ च्या संसर्गाने दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशी अहवालाने २००९ मध्ये विक्रेत्याला दोषी धरलेच, शिवाय काउन्सिलच्या तपासणीतील उणिवाही स्पष्टपणे मांडल्या. तपासणी करणाऱ्यांचीही अशी जाहीर झाडाझडती व्हावी, हे मला अत्यंत योग्य वाटते.

हे नियम घरगुती डब्यांनाही लागू आहेत. माझ्या ओळखीच्या एक काकू घरून जेवणाचे डबे देतात. राहते घर असल्यामुळे अधिकारी आधी कळवून आल्या. त्यांचा सर्वाधिक वेळ भातावर गेला: शिजल्यावर तो किती वेळात थंड करता, पसरट ताटात काढता की पातेल्यातच ठेवता, फ्रीजमध्ये किती दिवस ठेवता. शिजवल्यानंतरही भातात टिकून राहणारे काही जिवाणू तो तासन्‌तास कोमट राहिला की वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मग अधिकाऱ्यांनी फ्रीजमधल्या आमटीत तापमापकाची सळई घालून पाहिली आणि शेंगदाणे, तीळ, मोहरी यांची माहिती अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला कशी देता, हे विचारले. काकूंनी रोजच्या नोंदींची वही पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती पानन्‌पान वाचली.

दोष आढळले, तर काउन्सिल सुधारणेची लेखी नोटीस देते आणि धोका तातडीचा असेल, तर जागा तिथल्या तिथे बंद करू शकते. मात्र त्या निर्णयावर पुढे न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागते. गुण मान्य नसतील, तर मालकाला २१ दिवसांत अपील करता येते.

येथे येऊन दिवाळीचा फराळ किंवा डबे नियमितपणे विकण्याचा विचार असेल, तर व्यवसाय सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नोंदणी करावी. तिला शुल्क नाही आणि ती नाकारलीही जात नाही.