पॅकेट, १:७२: पाठीवरच्या इंजिनाची अडचण

मंडळी, वायुदलाच्या जुन्या मालवाहू ‘पॅकेट’ विमानाचं १:७२ मापाचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय; त्याचे बूम, म्हणजे शेपटीकडे जाणारे दोन लांब दांडे, एकदाचे जोडले. चाकांवर उभं केलं आणि विमानाने शांतपणे नाक वर करून शेपटीवर बैठक मारली. पॅकेट म्हणजे फेअरचाइल्ड सी-११९, त्याचं नाक आखूड. त्यात वजन कोंबायला जागा कुठून आणणार? मासेमारीच्या जाळ्याचं शिसं हातोडीने चपटं केलं आणि कॉकपिटच्या फरशीखाली व मागच्या भिंतीआड एपॉक्सीत बसवलं. तरीही तोल काठावरच आहे. रंग चढला की पुन्हा बघू.

खरी मारामारी मात्र पाठीवरच्या इंजिनाची. इटालेरीचं किट अमेरिकन विमानाचं, त्यात आपल्या वायुदलाच्या पॅकेटची ओळख असलेला तो जेट पॉड (पाठीवरचं आवरणातलं जेट इंजिन) नाही. तो नसेल तर कितीही तिरंगी वर्तुळं चिकटवा, ते विमान आपलं दिसत नाही.

पॅकेट आपल्याकडे १९५४ पासून आलं. (अमेरिकन लोक त्याला ‘फ्लाइंग बॉक्सकार’ म्हणत; आपण मात्र आधीच्या सी-८२ चंच नाव शेवटपर्यंत वापरलं.) पोट प्रशस्त, मागून थेट गाडी आत घालता येईल असं. पंखांवर राइटची १८ सिलिंडरची दोन आर-३३५० इंजिनं, मैदानी भागात त्यांनी भागत होतं. लडाखमध्ये हवा विरळ, धावपट्ट्याच उंचावर, आणि डोंगरांमध्ये एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकट्याच्या जोरावर उंची राखणं कठीण. म्हणून पाठीवर छोटं जेट इंजिन बसवलं. सुरुवातीला अमेरिकन जे-३४ होतं, पुढे त्याच्या जागी हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनणारं ऑर्फियस आलं. म्हणजे नॅटचंच इंजिन! लढाऊ विमानाचं इंजिन मालवाहूच्या पाठीवर, हा जुगाड मला फार आवडतो.

२३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. उंची १६ हजार फुटांच्या वर. हे वाचल्यापासून पॅकेट डोक्यात बसलं होतं. तरी मी साठच्या दशकाच्या शेवटचं, ऑर्फियसवालं विमान करतोय.

पॉडचा पहिला प्रयत्न कचऱ्यात गेला. ऑर्फियसचा व्यास साधारण ८२ सेंटीमीटर, म्हणजे १:७२ ला साडेअकरा मिलिमीटर. तेवढ्याच मापाचं मार्करचं टोपण शोधलं आणि खूश झालो. पाठीवर ठेवलं तर पॉड अगदी किडमिडीत! मग डोक्यात प्रकाश पडला: माप इंजिनाचं घेतलं होतं, इंजिनावरच्या आवरणाचं नाही. दुसऱ्यांदा जाड टोपण घेतलं, पुढचं तोंड एपॉक्सी पुटीने घडवलं, ४०० पासून १२०० पर्यंतच्या पॉलिश पेपरने ओलं घासलं. हे जमलं. मात्र पाठीशी जोड बसवताना माझी पंधरा दिवसांची संध्याकाळ गेली आणि घरात ‘ते विमान’ हा शब्द जरा वेगळ्या सुरात उच्चारला जाऊ लागला.

मागची दारं लावणार नाहीये. सी-११९जी ची शिंपल्यासारखी दारं हवेत उघडता येत नसत. अवजड माल टाकायचा तर ती जमिनीवरच काढून ठेवून उड्डाण करायचं. छत्रीधारी सैनिकांसाठी त्या दारांतच दोन छोटे दरवाजे असायचे, त्यामुळे त्यांच्या उडीला दारं काढायची गरज नसे. म्हणून बांगलादेश युद्धातल्या, ११ डिसेंबर १९७१ च्या टांगाईलच्या उडीतलं पॅकेट कुणी करत असेल, तर त्याने दारं लावावीत. माझं लडाखला रसद टाकणारं आहे, तेव्हा मागून उघडं. याचा भुर्दंड असा की आता सगळं पोट आतून दिसणार. फासळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी काढतोय. डाव्या बाजूच्या झाल्या, उजवीकडच्या चार बाकी.

रंग अजून दूर आहे. चंदेरी अंग, वर पांढरं. वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये हिरवा. मागच्या वेळी डकोटा विमानाच्या मॉडेलवर मी उलटं छापून बसलो होतो, तेव्हा या खेपेला छापण्याआधी दोनदा बघणार. कुणाकडे ऑर्फियस पॉडचा समोरून घेतलेला स्वच्छ फोटो असेल तर कळवा. हवा आत घेणाऱ्या तोंडाची कड मी जरा जाड केलीय असा संशय येतोय.