दोराची गोष्ट

आज दिवसभर दारव्ह्याच्या आठवडी बाजारात दोर शोधत फिरलो. आमच्या पोरींचा रस्सीखेचचा संघ दोन महिन्यांपासून बैलगाडीच्या जुन्या नाड्यावर सराव करतोय. परवा तो मधोमध तुटला, चौघी पाठीवर आपटल्या.

नियमाचा दोर किमान साडेतेहतीस मीटर लांब आणि 10 ते 12.5 सेंटीमीटर घेराचा, म्हणजे सव्वा इंच जाड तरी हवा. शहरातल्या खेळाच्या दुकानात भाव ऐकला आणि फोन ठेवून दिला. आमची वर्गणी साडेतीन हजार.

बाजारात पोळ्याचे उरलेले कासरे, मोरख्या, नायलॉनची निळी-पिवळी वेटोळी. नायलॉन स्वस्त, पण एका म्हाताऱ्या दोरवाल्या बाबांनी हात धरून थांबवलं. "हे घेऊ नोको बापा. पोरीईचे हात सोलून निघन. अन् तुटलं तं चाबकावानी येते." खरंच आहे ते. नायलॉन ताणून लांबतं आणि तुटलं की उसळतं.

त्यांनी घायपाताचा तीनपदरी दोर काढला. बोटांनी पीळ उकलून आतले धागे दाखवले, कोरडे, पिवळसर, कुठेच कुजलेले नाहीत. मी सोबतची सुतळी दोराभोवती गुंडाळून पट्टीवर मोजली. साडेदहा सेंटीमीटर! दोर किलोवर विकतात. तेवीस किलो भरला. बाबांनी तीन हजार दोनशे घेतले आणि दोन्ही टोकं स्वतः सुतळीने घट्ट बांधून दिली.

संध्याकाळी मैदानावर उलगडला तेव्हा पोरी नुसत्या हात फिरवत बसल्या होत्या. उरलेल्या तीनशेत मधल्या खुणेची लाल पट्टी आणि टाचेला पकड देणारी माती भिजवायला पाण्याचा ड्रम आणायचाय. उद्या सकाळी सहाला सराव.