सात गाड्या, दोन मुक्काम: मंद्रूप, कुडल, नळदुर्ग

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार ते रविवार. सोलापूर परिसरात सात कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, पंचवीस माणसं, दोन रात्री. पाच गाड्या ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या, एक छोटी व्हॅन आणि एक मागे ओढायचा ट्रेलर. सगळं मिळून अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. पहिला मुक्काम मंद्रूपच्या बाजूला ज्वारीच्या रानात हुरड्याला, शनिवारी हत्तरसंग कुडल, रात्री नळदुर्गजवळ, रविवारी किल्ला पाहून परत.

तारीख ठरवताना संक्रांतीचा आठवडा टाळला, तो मुद्दाम. सोलापुरात तेव्हा सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद असतात आणि होम मैदानाच्या आसपास सात मीटरची गाडी वळवायची म्हणजे शिक्षाच. उलट फेब्रुवारी उजाडला की हुरडा टणक होत जातो. म्हणून संक्रांत संपल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस नेमके.

आता जागेबद्दल. या भागात ज्वारीला जी जमीन उत्तम, तीच गाडी लावायला सगळ्यांत वाईट. काळी माती पाणी शोषून फुगते, धरून ठेवते, लवकर सोडत नाही. वरचा पापुद्रा दुपारच्या उन्हात वाळून भेगाळतो, पण वीतभर खाली लोणी. साडेतीन टनांची गाडी त्या पापुडीवर उभी राहते आणि रात्रीत हळूहळू बसते. शेतमालक बिचारा खरं सांगतो, ‘काय होत न्हाय, ट्रॅक्टर रोज येतोय की’. ट्रॅक्टरचं चाक आणि आपलं चाक यांत फरक आहे, हे त्याच्या ध्यानात येण्याचं कारण नाही.

तपासायची पद्धत साधी. दहा मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या. जिथे चाकं येणार त्या प्रत्येक जागी ती नुसत्या हाताच्या जोराने दाबा. चार बोटांपेक्षा जास्त गेली तर तिथे गाडी लावू नका. गावातली जुनी खळ्याची जागा, वस्तीपुढचं अंगण, मुरूम टाकलेली वाट किंवा माळाची कड शोधा. दृश्य कमी मिळेल, झोप लागेल.

सळईलासुद्धा जे कळत नाही ते म्हणजे रात्रीचं पाणी. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पाचव्या गाडीची जागा कोरडी होती, सळई दोन बोटंच गेली. शेतीपंपांना वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. शेजारच्या गव्हाला पाणी सुरू झालं, दंड (पाण्याचा पाट) एका ठिकाणी फुटला, दारं धरणारा, म्हणजे पाणी वळवणारा माणूस लांबच्या टोकाला होता. पहाटेपर्यंत मागचं डावं जोडचाक अर्ध्या रिमपर्यंत आत. तेव्हा शेतमालकाला पहिला प्रश्न जागेचा विचारू नका. विचारा, ‘लाईट कधी आहे, पाणी कुठल्या वाफ्याला आहे आणि दंड कुठून जातो?’ दंडापेक्षा वरच्या अंगाला जागा धरा. शेजाऱ्याचं रानही यात धरायचं.

रुतलेली गाडी काढायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस फावड्याची. क्रम असा: चाक एकदा जागच्या जागी फिरलं की ॲक्सिलरेटर सोडायचा, पुढचा प्रत्येक फेरा चाकाला आणखी खाली नेतो. जोडचाकांच्या मधली माती काठीने कोरून काढायची, ती तशीच राहिली तर टायर गुळगुळीत रोलरसारखा फिरतो. चाकापुढे हातभर लांबीचा उतार खणायचा. त्यात आधी तुराट्या आडव्या, त्यावर दोन पोती, वर तीन-चार घमेली मुरूम. ट्रॅक्टर टणक जमिनीवर, आठ-दहा मीटरचा पट्टा गाडीच्या पुढच्या हुकाला. बंपरला नाही, स्प्रिंगच्या पट्ट्याला तर नाहीच. ओढ सरळ रेषेत, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. पट्टा ताणलेला असताना त्याच्या दीड पट अंतरात कुणीही उभं राहायचं नाही, मोबाईलवर शूटिंग करणारेही. वजन कमी करायचं म्हणून पाण्याची टाकी तिथेच रिकामी करण्याची सूचना येतेच. शंभर लिटर पाणी चाकाखाली ओतून काय साधणार? पाणी जारमध्ये काढा.

वस्तीकडे जाणाऱ्या वाटांवर आणखी दोन गोष्टी. एक, वेड्या बाभळीचे काटे. कुंपणाची तोडलेली फांदी वाटेत पडलेली असते आणि काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतो. तिथलं पंक्चर पट्टी घालून टिकत नाही, स्टेपनीच लागते. पुढच्या गाडीतून एकाने उतरून चालत जावं. दोन, खाली लोंबणाऱ्या तारा. छतावर एसी असलेली गाडी तीन मीटरच्या वर जाते. उंची डॅशबोर्डवर लिहून ठेवा. तार काठीने उचलून गाडी काढायचा प्रयत्न कोरड्या बांबूनेही नको. मागे घ्या, दुसरी वाट बघा.

आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, गाड्यांपासून किमान पंधरा मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कडब्याची गंजी त्याहूनही लांब हवी, ठिणगी उडाली तर शेतकऱ्याचा वर्षाचा चारा जातो. गोवऱ्यांचा आर (निखारे) पडल्यावरच कणसं खुपसायची, जाळावर धरली तर दाणे वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. गरम कणीस हातावर चोळलं की दूधभरले हिरवे दाणे बोंडातून सुटतात, फुंकर मारून तूस उडवायचं. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. माणशी दहा-बारा कणसं धरा. हुरडा पोटाला जड, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक अर्धाच करा. पहिल्याच मुक्कामाला निम्मा भात उरला. निघताना आर पाण्याने विझवून मातीने झाका.

विजेचा हिशोब सातही गाड्यांनी मिळून करायचा असतो आणि तिथेच गटाचं गाडं अडतं. वस्तीवर सोळा अँपिअरचा एकच सॉकेट होता. 230 व्होल्टला तो 3680 वॅट देतो. प्रत्येक गाडीचा वीस अँपिअरचा चार्जर साधारण 325 वॅट ओढतो, सात गाड्यांचे 2275. इथवर ठीक. एकाने 1500 वॅटची किटली लावली की 3775, म्हणजे मर्यादेच्या वर, आणि एमसीबी (जास्त भाराला आपोआप पडणारा स्विच) पडू शकतो. पहिल्या रात्री तो दोनदा पडला. मुक्कामाचा नियम: बाहेरच्या विजेवर फक्त चार्जर, चहा गॅसवर.

प्लग लावण्याआधी मल्टीमीटर लावा. फेज-न्यूट्रल 200 ते 250 व्होल्टमध्ये असलं पाहिजे. फेज-अर्थिंगही तेवढंच दाखवलं पाहिजे, न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग नसेल तर ती वीज घेऊच नका, गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होऊ शकतो. पंपाच्या स्टार्टरमधून जोडणी कितीही आग्रहाने दिली तरी नको. पंप सुरू-बंद होताना व्होल्टेज उड्या मारतं आणि चार्जर जळतो. केबल तीन कोअरची, 2.5 चौरस मिलिमीटर, आणि ड्रमवरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली केबल भाराखाली तापते, आवरण वितळतं.

खरं तर थंडीत बाहेरच्या विजेची गरजच थोडी. डीसी फ्रिज 45 वॅटचा, रात्री निम्मा वेळ चालतो, दहा तासांचे 225 वॅट-तास. एक पंखा, दिवे, मोबाईल धरून पाचशेच्या आत रात्र निघते. शंभर अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी 1280 देते. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची, म्हणून 150 ची हवी. या सहलीत एक फसगत मात्र अनेकांची होते. टप्पे चाळीस-पन्नास किलोमीटरचे, गाडी तासभर चालते. तीस अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने (इंजिनच्या अल्टरनेटरवरून आतली बॅटरी भरणारा) तासात तीसच अँपिअर-तास भरतात. ‘गाडी चालतेय म्हणजे बॅटरी भरतेय’ हे लांब पल्ल्याचं गणित इथे लागू नाही. बीएस-6 गाडीत साध्या रिलेवर तर तेवढंही भरत नाही, कारण अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज खाली आणतो. छतावर चारशे वॅटचं पॅनेल असेल तर सोलापूरचं जानेवारीचं ऊन दिवसाला दीड युनिट सहज देतं. गाडी बाभळीच्या सावलीत लावायची की उन्हात, हे त्यावरून ठरवा.

पाणी घरूनच भरून निघा. वस्तीवरचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांचं, भांड्यांना चालेल, गीझरमध्ये नको. अंघोळ बादलीने धरून माणशी दिवसाला पंधरा-अठरा लिटर पुरतं. पिण्याचे वीस लिटरचे जार वेगळे. कॅसेट टॉयलेटची (गाडीतल्या संडासाची, काढून नेता येणारी) टाकी अठरा लिटरची असली तर चार माणसांत दोन दिवसांत भरते. ती रानात, ओढ्यात, नदीत ओतू नका. परवानगी घेऊन सेप्टिक टँकच्या संडासातच रिकामी करा, आणि त्यासाठी फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध न वापरता एन्झाइमचं वापरा. निळ्या औषधाने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. पाच किलोच्या गॅस सिलिंडरची चावी चालत्या गाडीत बंद, सांध्यावर रोज साबणाचा फेस. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून कपाटाचं छिद्र तळाशी हवं आणि ते चटईने झाकलेलं नको. दोन गाड्यांत झाकलेलं सापडलं.

शनिवारी कुडल. विजापूर महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, समोरून उसाची दुहेरी ट्रॉली आली तर एकालाच जागा. चार आणि तीन अशा दोन तुकड्या केल्या, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. सात गाड्यांची सलग रांग गावकऱ्यांना ओलांडता येत नाही आणि शिव्या मिळतात, त्या रास्तच. गाळपाचा हंगाम मार्चपर्यंत असतो, तोवर अंधारात प्रवास करूच नका. कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

भीमा आणि सीनेचा संगम, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही देवळं, 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आणि तुळईवरचा शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख. ‘विजेया होइवा’ ही अक्षरं तिरप्या उजेडात बरी उठतात, म्हणून सकाळी लवकर या. इथे मुक्काम करू नका आणि गाड्या पात्राकडच्या गाळावर उतरवू नका. उजनीतून भीमेत पाणी सोडलं की इथे ढग नसतानाही पातळी चढते.

परत सोलापूर गाठून डिझेल, पाणी, कडक भाकरी. ती आठवडाभर टिकते, गाडीत ब्रेडपेक्षा कधीही बरी. मग हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग, पन्नासेक किलोमीटर. मुक्काम रस्त्यालगतच्या एका ओळखीच्या आवारात, मुरमाची जमीन, सळई टोकसुद्धा रुतेना. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. फक्त सकाळी खिडक्यांना आतून पाणी सुटलं, कारण थंडीने छताची झडप बंद ठेवली होती. दोन बोटं उघडी ठेवा.

किल्ला बघायला तीन तास हातात ठेवा. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बंधाऱ्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पावसाळ्यातले. जानेवारीत दगडच दिसतो. फोटो पाहून आलेल्यांना हे आधीच सांगून टाका. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी खालीच थांबावं. मोठ्या गाड्या दरवाजाबाहेर लावून चालत जा.

परतल्यावर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा झोत मारा. काळी माती रिमच्या आत वाळली की दगड होते, चाकाचा तोल बिघडतो आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंटचे पैसे भरून झाल्यावर रिममधून किलोभर ढेकूळ निघालं, असं पाचव्या गाडीचं झालं.