वर काश्मीर, खाली कोकण

सोमवार. संक्रांत परवावर आली.

पहाटे जाग आली तर पंखा बंद. रात्री कुणीतरी उठून बंद केलेला. आमच्या घरी थंडी जाहीर होते ती अशी. मग आईने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. झाकण उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की झोपच उडाली.

बाबांबरोबर चौपाटीवर गेले. बाबांचा अवतार: कानटोपी, आईने विणलेला मातकट स्वेटर, त्यावर मफलर आणि खाली हाफ पँट. वर काश्मीर, खाली कोकण! शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर निम्मी मंडळी अशीच. गुडघ्यांना थंडी वाजत नाही, असं दादरात बहुधा ठरलेलं आहे.

समुद्राकडे तोंड करून उभी राहिले तर वारा पाठीत शिरायला लागला. रात्रीत जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे सुटतो. मी ओढणी पुढून घट्ट लपेटलेली आणि मान मागून उघडी. चप्पल काढून लाटेत पाय घातला तर पाणी चक्क कोमट. पाय सोडून बाकी सगळी मी काकडत होते.

बाबांनी नेहमीचं सुनावलं, "बासष्टच्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ झालं होतं, तेव्हा हाफ स्वेटरवर शाळेत गेलोय." बातम्यांत आकडा सांताक्रूझचा सांगतात. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, तिथे रात्र एवढी उतरत नाही. दादर अधेमधे, म्हणून आमच्या कपड्यांचाही घोळ.

स्वेटर घालूनच ऑफिसला निघाले. वांद्र्याला बाह्या वर सरकवल्या, अंधेरीला तो मांडीवर. दुपारी जेवायला बाहेर पडले तर ऊन मे महिन्यासारखं डोक्यावर. संध्याकाळच्या गर्दीत तो कमरेला बांधलेला. एका बाईच्या पिशवीत त्याची बाही अडकली आणि दोघी दादरपर्यंत जोडीने आलो. दोन तासांच्या थंडीसाठी दहा तासांची हमाली.

निफाडच्या मावशीला हे फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली. तिच्याकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात. म्हणाली, "तुमची थंडी म्हणजे आमचा फ्रीज उघडा राहिल्यासारखी."

बुधवारी काळी साडी नेसायची आहे. एरवी सणाला काळं म्हटलं की आईच्या कपाळावर आठी, पण संक्रांतीला ऊब म्हणून चालतं. हळदीकुंकू संध्याकाळी, बंद हॉलमध्ये, चाळीस बायका. ब्लाउज बिनबाह्यांचा काढून ठेवलाय.

स्वेटर धुवायला टाकत होते, आई म्हणाली, "आठ दिवसांच्या पाहुण्याला कशाला साबण? गॅलरीत टाक."

टाकलाय. डांबराचा वास अजून जात नाहीये.